ऑनलाइन विक्रीतील मालपरती आणि वाहतूक खर्चाचा परतावा

ऑनलाइन विकलेला माल ग्राहकाकडून परत घेणे, त्याचे पैसे परत करणे आणि माल जाता-येताना झालेला वाहतूक खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवणे, हा सगळा भाग व्यापारात ‘रिटर्न-रिफंड’ म्हणून ओळखला जातो. दुकानात ग्राहक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहतो. ऑनलाइन खरेदीत तो फोटो आणि वर्णनावर भरवसा ठेवतो, बहुधा पैसेही आधी भरतो आणि वस्तू नंतर पाहतो. त्यामुळे काही माल परत येणार हे या धंद्यात धरूनच चालावे लागते. वस्तूची किंमत परत करण्यावरून फारसे वाद होत नाहीत. तंटा होतो तो डिलिव्हरीच्या पैशांवरून, कारण वस्तू विक्रेत्याला परत मिळते, पण कुरिअरला दिलेले भाडे मिळत नाही.

न पाहता घेतलेला माल परत करण्याची मुभा इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. आरोन माँटगोमेरी वॉर्ड यांनी 1872 मध्ये शिकागोहून टपालाने माल विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि 1875 मध्ये ‘समाधान झाले नाही तर पैसे परत’ अशी हमी जाहीर केली. लांबच्या गावातल्या शेतकऱ्याने कधी न पाहिलेल्या पेढीला पैसे धाडावेत, तर त्याला असा काही आधार देणे भागच होते. आजही परतीच्या अटी ग्राहक खरेदी करण्यापूर्वीच वाचतो. म्हणून त्या तक्रार आल्यावर सुचतील तशा ठरवायच्या नसतात, विक्रीच्या पानावर आधीच लिहून ठेवायच्या असतात.

वाहतूक खर्च कोणाचा

इथे तीन वेगवेगळ्या रकमा असतात आणि त्या एकत्र मोजल्या की गोंधळ होतो. पहिली, माल ग्राहकाकडे जातानाचे भाडे. दुसरी, तो परत येतानाचे भाडे. तिसरी, ग्राहकाने लवकर हवे म्हणून स्वतःहून निवडलेल्या जलद डिलिव्हरीचे जादा पैसे. यांपैकी कोणती रक्कम कोणी सोसायची, हे बहुतेक व्यवहारांत एकाच प्रश्नावर ठरते: परत करण्याची वेळ कोणामुळे आली?

वस्तू तुटलेली निघाली, भलतीच आली किंवा वर्णनाशी जुळत नसली, तर चूक विक्रेत्याच्या बाजूची मानली जाते. मग किंमत, जातानाचे भाडे आणि येतानाचे भाडे असा सगळा खर्च विक्रेत्याचा. वस्तू वाटेत फुटली असेल तरी ग्राहकाच्या दृष्टीने जबाबदार विक्रेताच असतो. कुरिअर कंपनीकडून भरपाई मागणे हे विक्रेत्याचे काम आणि तिथला निकाल लागेपर्यंत ग्राहकाला ताटकळत ठेवणे योग्य नाही. याउलट वस्तू ठीक असून ग्राहकाचे मन बदलले, रंग आवडला नाही किंवा मापाचा अंदाज चुकला, तर परतीचे भाडे सामान्यतः ग्राहकाकडे जाते. जातानाच्या भाड्याबाबत मात्र देशोदेशीचे कायदे आणि प्लॅटफॉर्मचे नियम वेगळे आहेत.

मापाची तक्रार तर नेहमी या दोन्हींच्या सीमेवर असते. पानावर मापांचा तक्ता होता आणि वस्तू त्याप्रमाणेच निघाली, तर निवड ग्राहकाची. तक्ताच चुकीचा असेल, तर तीच तक्रार विक्रेत्याच्या चुकीत मोडते आणि भाडेही त्याच्याच माथी बसते.

‘मोफत डिलिव्हरी’ हा यातला फसवा भाग. कुरिअर फुकट काम करत नाही, त्याचे भाडे वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते. समजा किंमत 900 आणि डिलिव्हरी 100 असे वेगळे लावले. अटींत आधी सांगितले असेल आणि कायद्याची आडकाठी नसेल, तर मन बदललेल्या ग्राहकाला विक्रेता 900 परत करू शकतो. तीच वस्तू 1000 ला मोफत डिलिव्हरीसह विकली, तर ग्राहकाने भरलेली किंमत 1000 आहे. तीतून भाडे मागाहून कापले, तर पानावर दिलेला शब्द मोडल्यासारखे होते. मोफत डिलिव्हरी देणाऱ्याने हे नुकसान किंमत ठरवतानाच धरायला हवे.

भाड्याचा आकडाही नुसत्या वजनावर ठरत नाही. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर त्यावर भाडे लावतात. एक किलोची दिव्याची शेड 40 × 30 × 20 सेंटिमीटरच्या खोक्यात घातली, तर तिचे भाडे 4.8 किलोप्रमाणे लागते. ग्राहकाने ती घरातल्या आणखी मोठ्या खोक्यात भरून परत पाठवली, तर येतानाचे भाडे जातानाच्या वर जाते. म्हणून परतीच्या सूचनेत ‘आलेल्याच खोक्यात पाठवा’ ही ओळ हवीच. शक्य असेल तिथे परतीचे लेबल विक्रेत्याने स्वतः काढून द्यावे. त्यामुळे दर आपल्या हातात राहतो आणि ट्रॅकिंग क्रमांकही मिळतो.

ऑर्डरमधला थोडाच माल परत आला की हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. संपूर्ण ऑर्डरला मिळून एकच डिलिव्हरी शुल्क होते आणि तीनपैकी एक वस्तू मन बदलल्यामुळे परत आली, तर उरलेल्या दोन वस्तूंसाठी ती फेरी झालीच असती. त्यामुळे त्या शुल्कातला वाटा देण्याचे कारण फारसे उरत नाही. वस्तूगणिक शुल्क घेतले असेल, तर त्या वस्तूचे शुल्क वेगळे काढता येते. ठरावीक रकमेच्या वर डिलिव्हरी मोफत असताना परतीमुळे ऑर्डर त्या रकमेखाली आली, तर भाडे कापायचे की नाही हे अटींत आधी लिहिलेले असावे. लिहिले नसेल, तर न कापलेलेच बरे. त्या रकमेपेक्षा वादात जाणारा वेळ महाग पडतो.

कायदे

युरोपीय संघात 2011/83 हा ग्राहक हक्क निर्देश जून 2014 पासून लागू आहे. माल मिळाल्यापासून 14 दिवसांत ग्राहक कारण न देता खरेदी रद्द करू शकतो. विक्रेत्याला किंमत आणि जातानाचे साधे डिलिव्हरी शुल्क दोन्ही परत करावे लागते, फक्त जलद डिलिव्हरीचा जादा भाग सोडून. परतीचे भाडे ग्राहकाचे, पण ते त्याला भरावे लागेल हे विक्रेत्याने आधी सांगितले असेल तरच. माल किंवा तो पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत विक्रेता पैसे थांबवू शकतो. जातानाचे शुल्क ग्राहकावर टाकता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने याआधीच, 2010 मध्ये, हाइन या टपालाने माल विकणाऱ्या जर्मन कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले होते.

चीनमध्ये मार्च 2014 पासून ऑनलाइन खरेदीला सात दिवसांची विनाकारण परती आहे आणि परतीचे भाडे, वेगळे ठरले नसेल तर, ग्राहक देतो. अमेरिकेत केवळ मन बदलले म्हणून ऑनलाइन माल परत करण्याचा सर्वसाधारण संघीय हक्क नाही. मात्र सांगितलेल्या मुदतीत, किंवा मुदत सांगितली नसेल तर 30 दिवसांत, माल रवाना झाला नाही, तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार ग्राहकाला ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे घेता येतात. भारताचे 2020 चे ई-कॉमर्स नियम सदोष, जाहिरातीशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घेण्यास नकार देऊ देत नाहीत. मन बदलण्याचा हक्क मात्र त्यांत नाही. मागणीनुसार बनवलेला माल, नाशवंत पदार्थ आणि सील फोडलेल्या स्वच्छतेच्या वस्तू यांना बहुतेक ठिकाणी विनाकारण परतीचा नियम लागू नसतो.

माल परत आल्यावर

परतीचे पार्सल फोडण्याआधी वजन करावे. जाताना कुरिअरच्या नोंदीत 1.3 किलो असलेले खोके येताना 0.4 किलो भरले, तर आत काय नाही हे फोडण्याआधीच कळते आणि ते वजन पुढे पुरावा ठरते. मग लेबल, चिकटपट्टी आणि खोक्याच्या कडा दिसतील असे फोटो, त्यानंतर एकाच अखंड व्हिडिओत पार्सल उघडणे. अनुक्रमांक असलेल्या वस्तूंचा क्रमांक पाठवतानाच नोंदवलेला असेल, तर बदलून आलेली वस्तू लगेच ओळखता येते. एवढी काळजी घेतली तरी प्रत्येक ग्राहकाकडे संशयाने पाहू नये. फसवणूक करणारे थोडे असतात आणि प्रामाणिक ग्राहकाला पुरावे मागून दमवले, तर तो पुन्हा येत नाही.

वापरून परत आलेल्या वस्तूची किंमत घटते. युरोपीय नियमात वस्तू तपासण्यापुरती हाताळणे मान्य आहे, त्यापलीकडच्या वापरामुळे झालेली घट परताव्यातून कापता येते. बूट घरात घालून पाहणे ही तपासणी झाली. रस्त्यावर वापरून तळ झिजवणे हा वापर झाला. कपात केली, तर रक्कम आणि कारण फोटोसह त्याच दिवशी कळवावे.

काही वेळा माल परत मागवणेच तोट्याचे असते. परतीचे भाडे, तपासणी आणि पुन्हा पॅकिंग यांचा खर्च वस्तू पुन्हा विकून येणाऱ्या पैशांपेक्षा जास्त असेल, तर वस्तू ग्राहकाकडेच ठेवून पैसे द्यावेत. ओरखडा किंवा एखादा सुटा भाग कमी असल्याची तक्रार असेल, तर काही रक्कम परत देऊन तो भाग पाठवणे दोघांनाही सोयीचे पडते. पण अशी अंशतः भरपाई ग्राहकाने राजीखुशीने स्वीकारायची असते. तो माल परत करायचा म्हणत असेल, तर त्याला अडवता येत नाही.

रोखीने डिलिव्हरी असलेल्या ऑर्डरमध्ये ग्राहकाने दारातूनच पार्सल नाकारले, तर ते ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन, म्हणजे न पोहोचताच, माघारी येते. परत करायला पैसे नसतात, पण बहुतेक करारांत दोन्ही फेऱ्यांचे भाडे विक्रेत्याच्या बिलात येते. ऑर्डर रवाना करण्याआधी फोनवर खात्री करून घेणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

पैसे परत करताना

परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने आणि त्याच ऑर्डरखाली द्यावा. ग्राहकाच्या विनंतीवरून बँक खात्यात वेगळे पैसे पाठवले आणि पुढे त्याने कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याची, तक्रार केली, तर प्लॅटफॉर्मच्या नोंदीत परतावा दिसत नाही. तेच पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. परतावा देण्याआधी त्या ऑर्डरवर चार्जबॅक चालू नाही ना, हेही पाहावे. अनेक पेमेंट कंपन्या मूळ व्यवहारावर घेतलेले शुल्क परत देत नाहीत. ते नुकसान विक्रेत्याचेच.

हिशेबाच्या वहीत किंमत आणि डिलिव्हरी शुल्क यांचे परतावे निरनिराळे दाखवावेत. एकत्र टाकले, तर कोणता माल भाड्यापायी तोटा करतो आहे हे कळत नाही. आयएफआरएस 15 हे आंतरराष्ट्रीय लेखामानक तर परत येण्याची अपेक्षा असलेली विक्री उत्पन्नात धरू देत नाही. तेवढी रक्कम देणे म्हणून दाखवावी लागते.

परदेशातून परत येणाऱ्या मालात सीमाशुल्काची भर पडते. ग्राहकाने भरलेले आयात शुल्क विक्रेत्याकडे आलेले नसते, त्यामुळे ते ग्राहकानेच आपल्या देशाच्या यंत्रणेकडून मागायचे असते. दुसरीकडे आपलाच माल परत येताना विक्रेत्यावर पुन्हा शुल्क लागू शकते. ते टाळण्यासाठी सीएन 22 किंवा सीएन 23 या टपाली सीमाशुल्क फॉर्मवर ‘परत आलेला माल’ या प्रकारापुढे खूण करायला ग्राहकाला आधीच सांगावे, आणि मूळ निर्यातीची कागदपत्रे परतीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावीत.