आधी कबरीची जागा : आउडरकेर्कच्या ज्यू दफनभूमीची पार्श्वभूमी

आम्स्टरडॅमच्या दक्षिणेला आम्स्टल नदीच्या काठी आउडरकेर्क नावाचं छोटं गाव आहे. तिथली 'बेत हाइम' ही दफनभूमी पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंनी १६१४ मध्ये सुरू केली. आम्स्टरडॅममधलं त्यांचं भव्य प्रार्थनास्थळ उभं राहिलं ते थेट १६७५ मध्ये. शहरात राहायला, व्यापार करायला मुभा होती. मेलेल्यांना पुरायला मात्र शहराने जागा नाकारली होती. म्हणून १६०७ मध्ये त्यांनी आल्कमारजवळ ग्रूट इथे जमीन घेतली. ती फार लांब पडायची. आउडरकेर्क त्या मानाने जवळ, आणि प्रेत नावेतून थेट नदीनेच नेता येई.

कबरीची एवढी घाई का, हे आपल्याला गोव्यावरून चटकन कळतं. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. १५३६ मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि १५६० मध्ये ते गोव्यातही पोचलं. मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. मेल्यावरही खटला संपत नाही हे ज्यांनी पाहिलं, त्यांना हक्काची साडेतीन हात जमीन आधी हवी होती, यात नवल नाही.

सुरुवातीच्या दफनांपैकी सर्वांत विलक्षण आहे ते वैद्य एलियाह मोंताल्तो यांचं. फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिची चाकरी त्यांनी स्वीकारली ती उघडपणे ज्यू म्हणून राहण्याच्या अटीवर. १६१६ मध्ये तूर इथे त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये ज्यू दफनाची सोय नव्हती. राणीने देहाला मसाले भरवले आणि शिष्य साउल लेवी मोर्तेइरा तो घेऊन आउडरकेर्कला आला. तो मग आम्स्टरडॅममध्येच राहिला, तिथला प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) झाला आणि पुढे इथेच पुरला गेला. मोंताल्तो गेले त्याच वर्षी मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील सामुएल पालाचे हेगमध्ये वारला. त्याच्या अंत्ययात्रेत नेदरलँड्सचा राजपुत्र मॉरिस चालला होता.

आम्स्टरडॅममध्ये हिब्रू छापखाना काढणारा मनाशे बेन इस्राएल १६५७ पासून इथे आहे. ज्यूंना इंग्लंडमध्ये परत येऊ द्यावं म्हणून तो तिथला सत्ताधीश क्रॉमवेल याच्याकडे रदबदली करायला गेला होता. परततानाच वाटेत वारला. रेम्ब्राँने ज्याचं चित्र काढलं तो वैद्य एफ्राइम बुएनोही इथलाच.

तत्त्वज्ञ स्पिनोझाचे आईवडील इथे आहेत. आई हाना देबोरा १६३८ मध्ये गेली, वडील मिखाएल १६५४ मध्ये. दोन वर्षांनी, २७ जुलै १६५६ रोजी, मुलाला समाजाने वाळीत टाकलं. त्यामुळे १६७७ मध्ये त्याचं दफन हेगच्या एका चर्चमध्ये झालं. त्याला वाळीत टाकलं तेव्हा मोर्तेइरा हाच समाजाचा ज्येष्ठ रब्बी होता.

कोणाला आत घ्यायचं हा वाद धर्मापुरता नव्हता. १६२७ मध्ये समाजाच्या विश्वस्तांनी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय माणसांच्या दफनावर निर्बंध घातले. तरी दोनच वर्षांनी व्यापारी पाउलो द पिना याच्या घरचा कृष्णवर्णीय नोकर एलिएझर याला इथे जागा मिळाली, कोरीव शिळाही मिळाली. तिच्यावर त्याला पोर्तुगीजमध्ये 'चांगला सेवक' म्हटलं आहे. मालकाची ही माया म्हणायची की मालकी, याचा निवाडा दगडावरून होत नाही.

सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, रिवाजाप्रमाणे शिळा आडव्या असतात. श्रीमंतांच्या शिळांवर संगमरवरात चक्क बायबलमधले प्रसंग कोरलेले आहेत. पुष्कळदा मृताचं नाव मोशे असेल तर मोशेच, दावीद असेल तर वीणा वाजवणारा दावीद राजा. मूर्ती-प्रतिमांचं वावडं असलेल्या धर्मात हा थाट कसा चालला? मला वाटतं, कॅथलिक म्हणून काढलेल्या पिढ्यांची सवय हातात उरली असावी.

चित्रकार याकोब फान राउस्डालने १६५० च्या दशकात ही दफनभूमी दोनदा रंगवली. मोंताल्तोचं थडगं दोन्हींत ओळखू येतं. एक चित्र ड्रेस्डेनला, दुसरं डेट्रॉइटला आहे. त्यातला पडका मठ आणि टेकड्या मात्र पदरच्या. इथली जमीन सपाट आणि पाणथळ.

या पाणथळीनेच पुढे घात केला. जड शिळा हळूहळू जमिनीत बुडाल्या. एकोणिसाव्या शतकात दावीद हेन्रिकेस द कास्त्रो याने त्या उकरून काढल्या, लेख वाचले आणि १८८३ मध्ये निवडक शिळांचा ग्रंथ छापला. आज इथे सुमारे २८,००० दफनं आहेत आणि नवीही होतात. अलीकडे एलिएझरच्या कबरीला भेट द्यायला सुरिनामी वंशाचे डच लोक येतात. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत; तिथल्या गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांच्या मालकांत आम्स्टरडॅमशी नातं असलेले पोर्तुगीज ज्यूही होते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.