ऑपरेशनआधीची वही

बेळगावजवळ खानापूरकडच्या गावात माझे काका सकाळी आठला कंपवातावरची (पार्किन्सन्सवरची) सिंडोपाची गोळी घेतात आणि पाऊण तासात गोठ्यात जातात. अकराच्या सुमारास मात्र उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीत रुतल्यासारखे होतात. पुढची गोळी लागू पडली की पुन्हा चालायला लागतात.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात. गोळीतला लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतो. सुरुवातीला उरलेल्या पेशी तो साठवतात, गरजेप्रमाणे सोडतात. पुढे ही कोठारंच संपतात. रक्तातला लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येतो, आणि तो चढउतार थेट हातापायांत दिसतो: औषध उतरलं की ताठरपणा, चढलं की कधी अंगाला नको तितके हेलकावे. (आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो, 1937 साली भारतीय संशोधकांनी तो त्यांतून वेगळा केला होता. पण बियांची पूड मनानं घेऊ नये, तिच्यात किती औषध आहे ते कळत नाही.)

दिवसाला लेव्होडोपाचे पाच किंवा जास्त डोस, दोन तास 'ऑफ' (म्हणजे औषध उतरलेलं), किंवा एक तास त्रासदायक हेलकावे, यातलं एक जरी असलं तरी पुढच्या उपचारांबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारावं.

त्यातला डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) सगळ्यांच्या तोंडी असतो. ऑपरेशन करून मेंदूत खोलवर करंट देणाऱ्या बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. पण कंप सोडला तर जो त्रास गोळीनं हटत नाही, तो या तारेनंही सहसा हटत नाही. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, तर ऑपरेशननं तो सावरेल अशी आशा धरू नये. विस्मरण बरंच वाढलं असेल तर डॉक्टर बहुधा नकोच म्हणतात. शिवाय करंट जुळवायला पुन्हापुन्हा जावं लागतं, आणि बेळगावहून बेंगळूर सुमारे 500 किलोमीटर. ऑपरेशन नको असेल तर अपोमॉर्फिनचा (डोपामिनसारखं काम करणाऱ्या औषधाचा) पंप आहे. त्यात कातडीखाली रोज सुई बसवायला घरचं माणूस लागतं, आणि टोचलेल्या जागी गाठी येतात.

म्हणून मी काकूंना आधी वही ठेवायला सांगितली. गोळी कधी, जेवण कधी, पाय कधी अडले. दोन आठवड्यांत दिसलं की दुपारची गोळी डाळ-भात नि दह्यावर घेतली की ती लागूच पडत नाही. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जायला एकच वाट वापरतात. डॉक्टरांनी वही पाहिली आणि ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. सकाळी अकराचा उंबरा अजून अडतोच; डीबीएसचं बोलणं आता त्यावर चाललंय.