टेन्शन हाडांच्या आत पोचतं तेव्हा

"टेन्शन घेऊ नको रे, बीपी वाढेल" हे विरार लोकलमध्ये रोज कोणीतरी कोणाला तरी सांगतच असतं. खरंय ते. पण बीपी हा एकच रस्ता झाला, दुसरा रस्ता हाडांच्या आतून जातो हे वाचलं तेव्हा मी हादरलोच.

आधी धमनी तुंबते कशी ते बघू. नळात गाळ साचतो तसं कोलेस्टेरॉल साचतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतं, ते साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मागोमाग आत घुसतात, चरबी खाऊन खाऊन फुगतात, तिथेच अडकतात, मरतात, आणि त्यातून प्लाक बनतो. म्हणजे हा सुजेचाही आजार आहे, सूज जास्त असली की प्लाक फुटायची भीती जास्त, आणि फुटला की वर रक्ताची गुठळी धरते, मग अटॅक.

आता टेन्शन कुठे आलं? २०१४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला, आयसीयूत ड्युटी करणाऱ्या २९ रेसिडेंट डॉक्टरांचं रक्त तपासलं तर आठवडाभराच्या कामानंतर पांढऱ्या पेशी वाढलेल्या. असं का, ते उंदरांमध्ये सापडलं. सतत ताण दिला की नसा अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, ताणाचं रसायन नॉरअॅड्रेनलिन सोडतात, तिथल्या, पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी भराभर वाढायला लागतात, आणि प्लाकमधली सूजही वाढते. संकट आलं की जखम होणार, म्हणून शरीर आधीच फौज तयार ठेवतं असं मला वाटतं, पण रात्री अकराला बॉसचा मेसेज आला तर जखम कुठेच नसते, ती फौज मात्र रक्तात फिरत राहते.

२०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये बोस्टनच्या २९३ जणांचे स्कॅन आले. मेंदूतला भीती ओळखणारा अमिग्डाला ज्यांचा जास्त चालत होता त्यांची अस्थिमज्जाही जास्त कामाला लागलेली, धमन्यांत सूज जास्त, आणि पुढे हार्ट अटॅक-स्ट्रोकसारखे त्रासही जास्त. नातं दिसलं, कारण सिद्ध झालं असं नाही, हे लक्षात ठेवा.

माझ्या मामाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सिगरेट, शुगर, जेवण सगळं विचारलं, आणि ते विचारायलाच हवं. पण रोज दीड तास उभ्याने चर्चगेट गाठणं आणि नोकरी जाईल ही दोन वर्षांची धास्ती, हे कोणीच विचारलं नाही. केसपेपरवर त्यालाही एक ओळ हवी होती.