तीन मॅचचा सीझन: आमच्या कॉलेज फुटबॉलची थोडी पार्श्वभूमी

परवा टायब्रेकरमध्ये ४-३ ने हरलो आणि यंदाचा सीझन संपला. एकूण मॅच तीन. पहिली जिंकलो, दुसरीत समोरच्या कॉलेजची अकरा पोरं जमलीच नाहीत म्हणून वॉकओव्हर मिळाला, आणि तिसरी ही. घरी, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात सगळे एकच विचारतायत, अरे तीन मॅचचा कसला सीझन? मी या टीममध्ये खेळलोय आणि आता सुट्टी टाकून पोरांबरोबर मैदानावर जातो, तर मला वाटलं एकदा नीट लिहावं की हे असं का आहे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजची टीम मुळात उभी कशी राहिली.

आधी स्पर्धेचं सांगतो. मुंबई युनिव्हर्सिटीचा पसारा कुलाब्यापासून पार सिंधुदुर्गपर्यंत, मध्ये उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी सगळं आलं, शेकडो कॉलेजं. एवढ्यांची लीग खेळवायची तर वर्ष पुरणार नाही, म्हणून झोन पाडायचे, झोनमध्ये नॉकआउट, तिथून वर आलेले पुढे भिडणार, आणि त्यातून युनिव्हर्सिटीची टीम निवडून ती वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम भारतातल्या युनिव्हर्सिट्यांच्या स्पर्धेला, आणि तिथे टिकली तर ऑल इंडियाला जाणार. म्हणजे एक मॅच हरलात की पुढच्या वर्षी भेटू. जुलैत ट्रायल, मग पहाटेची प्रॅक्टिस, फॉर्म, फोटो, एलिजिबिलिटीच्या सह्या, आणि हे सगळं एका संध्याकाळी पाच पेनल्टीत संपतं. थर्ड इयरच्या पोरांना तर पुढचं वर्षही नसतं, परवा आमचा कॅप्टन अर्धा तास गोलपोस्टला टेकून बसला होता, कोणी उठवायला गेलं नाही.

आणि हे सगळं पावसाळ्यात का, तर ती मुंबईची जुनी सवय. कांगा लीग ही पावसातली क्रिकेट स्पर्धा सोडली तर पावसात क्रिकेटवाले मैदान सोडतात आणि ते फुटबॉलला मिळतं. नंतर सेमिस्टरच्या परीक्षा येतात, म्हणजे मधल्या चिखलाच्या आठवड्यांतच काय ते खेळून घ्यायचं.

मुंबईचा फुटबॉल तसा खूप जुना. रोव्हर्स कप १८९१ चा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची, आणि कूपरेजचं मैदान म्हणजे या सगळ्याचं घर. रोव्हर्स आधी गोऱ्या पलटणींचीच होती, १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सनी ती जिंकली तेव्हा पहिल्यांदा एका भारतीय क्लबचं नाव कपवर आलं. नंतरच्या काळात टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया अशा कंपन्यांच्या टीम झाल्या आणि चांगला खेळणाऱ्या पोराला खेळाच्या जोरावर नोकरी मिळायची. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हा कॉलेजचा सीझन छोटा असला तरी त्याच्या पलीकडे एक दार होतं. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये ती टीमच बंद झाली. आमच्या आधीच्या बॅचचे दोघं तेव्हा अशाच कंपनी टीमची स्वप्नं बघत होते, आता एक बँकेत आहे आणि एकाचं घणसोलीत मोबाईलचं दुकान आहे.

पण हे सगळं खाडीच्या पलीकडचं. आमच्या बाजूला तेव्हा भातशेती आणि मिठागरं होती. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको झालं १७ मार्च १९७० ला, ९५ गावांची जमीन घेतली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, आणि लोकल वाशीला यायला थेट १९९२ उजाडलं, महापालिकाही त्याच वर्षीची. गावांत आगरी-कोळी पोरं कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट खेळायची, आजही त्या स्पर्धांना जी गर्दी होते ती फुटबॉलला नाही. फुटबॉल आला तो मुख्यतः वाशी-नेरूळच्या मिशनरी शाळांमधून आणि नोकरीनिमित्त इथे आलेल्या मल्याळी, गोवेकर, बंगाली घरांमधून. सिडकोने सेक्टर आखताना मैदानांना जागा ठेवली हे आमचं खरं भाग्य, ठाण्याच्या पोरांना हे विचारा. तिकडे जुनं शहर, मोकळी जागा आधीच कमी, आणि दादोजी कोंडदेवसारखं चांगलं स्टेडियम आहे ते क्रिकेटचं. कळवा-ठाण्याची बरीच पोरं आमच्या कॉलेजला येतात त्यामागे हेही एक कारण आहे, आणि दुसरं म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल. त्याआधी कळव्याचा पोरगा सकाळी साडेसहाच्या प्रॅक्टिसला नेरूळला पोचणं अवघडच होतं, बस बदलत बदलत यायचं आणि तोवर वॉर्मअप संपलेला असायचा. आज आमच्या अकरातले पाच जण त्या लाईनचे आहेत.

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ चं. पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली, म्हणजे तेही क्रिकेटचंच. २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली आणि मुंबई सिटी क्लबने पहिली दोन वर्षं ते होम ग्राउंड केलं. १८ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याला ५-० ने मारलं, आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली, लीगच्या इतिहासातली पहिली, आणि मी वरच्या स्टँडमध्ये कॉलेजचीच जर्सी घालून बसलो होतो. पण खरा फरक पडला २०१७ ला. अंडर-१७ वर्ल्ड कपच्या मॅच इथे ठेवल्या, १५ सप्टेंबरला सरकारने राज्यभर फुटबॉलचा दिवस केला, शाळाशाळांत बॉल वाटले, नेरूळचं पालिकेचं यशवंतराव चव्हाण मैदान टीमच्या सरावासाठी नव्याने तयार केलं. ६ ऑक्टोबरला इथे न्यूझीलंड-तुर्की आणि पॅराग्वे-माली झाल्या, आणि २५ ऑक्टोबरला सेमी फायनल, स्पेनने मालीला ३-१ ने हरवलं. आता हिशोब करा, आमच्या फर्स्ट इयरची पोरं तेव्हा चौथी-पाचवीत होती. आमचा लेफ्ट विंगर सांगतो, शाळेतून बसने मॅचला नेलं होतं आणि मालीच्या पोरांचा स्पीड बघून त्याने घरी येऊन क्रिकेटची बॅट चुलतभावाला देऊन टाकली.

मग कृत्रिम गवताच्या टर्फचं पीक आलं. ठाण्यात, घोडबंदरला, खारघरला जिकडे बघाल तिकडे जाळी आणि फ्लडलाईट, तासाचे पैसे भरा आणि खेळा. पोरांचा पहिला टच सुधारला, हे मान्यच करायला पाहिजे. पण ही पोरं जेव्हा पावसातल्या मातीच्या मोठ्या मैदानावर येतात तेव्हा पहिले पंधरा मिनिटं बघवत नाही. टर्फवर बॉल पायाखालून सरळ घरंगळतो, इथे तो डबक्यात थांबतो, पास अर्ध्यातच मरतो, आणि टर्फ शूजवाला वळायला गेला की आडवा. स्टडचे बूट लागतात आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत. परवाचा आमचा चौथा पेनल्टीवाला धावत आला आणि टेकवलेला पायच सरकला, बॉल बारच्या हातभर वरून गेला. त्याला कोणी बोललं नाही, बोलायचंही नव्हतं.

कोविडचा फटका मात्र लोकांना दिसत नाही. २०२०-२१ ला मॅचच नाहीत, म्हणजे सिनियर ज्युनियरला जे शिकवतो, कॉर्नरला कुठे उभं राहायचं, रेफरीशी कोणी बोलायचं, ती साखळीच तुटली. २०२२ ला टीम पुन्हा जमली तेव्हा अनुभवी असा एकही नव्हता. त्याच वर्षी नेरूळला बायकांच्या एशियन कपची फायनल झाली, चीन दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ मागे होती आणि ३-२ ने जिंकली, आणि ३० ऑक्टोबरला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल, स्पेन १, कोलंबिया ०. आमच्या कॉलेजची मुलींची टीम त्यानंतर सुरू झाली, आधी सातच जणी होत्या, यंदा सोळा.

तर असा आहे हा तीन मॅचचा सीझन. आता दोघांना युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला बोलावलंय, एक ऐरोलीचा स्टॉपर आणि एक कळव्याचा तो लेफ्ट विंगर. विंगरच्या उजव्या बुटाची सोल टायब्रेकरच्या आधीच उघडली होती, पट्टी गुंडाळून खेळला. बूट काल ठाणे स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे टाकलाय, शुक्रवारी देतो म्हणालेत, ट्रायल शनिवारी सकाळी आहे.