दीड वाजताचा गुन्हा, अडीचची बोंब

नागपुरात कळमन्याच्या बाजाराकडे जाताना एक धर्मकाटा लागतो. ट्रक काट्यावर चढतो, खोलीतल्या कॉम्प्युटरवर वजन दिसतं, काका कळ दाबतात आणि पावती छापून येते. मागच्या एप्रिलमध्ये मी त्या खोलीत चार दुपारी काढल्या. मिरचीच्या धसकीने घसा बसला तो वेगळाच. काकांची तक्रार एवढीच होती, “ताई, सकाळी एकदम बराबर चालते. दुपारी जेवून आलो का पहिल्याच ट्रकाले पडदा निळा होऊन जाते.”

मी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना तांत्रिक मदत करते. हे सांगितलं की समोरच्याला गाडीचे ड्रायव्हर आठवतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. काट्याखालचे लोडसेल वजन मोजतात, भिंतीवरचा इंडिकेटर ते आकड्यांत दाखवतो आणि एका सीरियल केबलमधून एकेक अक्षर कॉम्प्युटरकडे पाठवतो. आजकालच्या कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नसतं, म्हणून मध्ये बोटभर लांबीचा यूएसबी कन्व्हर्टर लावतात. हा कन्व्हर्टर काय आहे, त्याला जागं कसं करायचं, त्याच्याकडून अक्षरं कशी घ्यायची, यातलं विंडोजला काहीही ठाऊक नसतं. ते ज्या छोट्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं तो ड्रायव्हर. प्रिंटर, वायफाय, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, प्रत्येकाचा आपापला.

आता यात धोका कुठे आहे? तुमचा ब्राउझर किंवा टॅली बिघडली तर तेवढी खिडकी बंद होते, बाकी कॉम्प्युटर चालूच राहतो. प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या पायऱ्या असतात आणि साधे प्रोग्रॅम सर्वांत खालच्या पायरीवर बसतात. एकमेकांच्या मेमरीत त्यांना डोकावता येत नाही. बहुतेक ड्रायव्हर मात्र सर्वांत वरच्या पायरीवर, खुद्द कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, शेजारी चालतात. तिथे भिंती नाहीत. एका ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर एक आकडा लिहिला तर तो डिस्कच्या हिशेबात जाऊन पडू शकतो. असं काही गडबड झाल्याचं लक्षात आलं की विंडोज सगळं जिथल्या तिथे थांबवतं, कारण पुढे रेटलं तर तुमच्या फाइली खराब व्हायची भीती असते. निळा पडदा म्हणजे हा दाबलेला ब्रेक. लोक ब्रेकलाच शिव्या घालतात.

ड्रायव्हर किती डोकेदुखीचे असतात याचे आकडे जुने आहेत, पण अजून सांगण्यासारखे आहेत. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलपेक्षा तीन ते सात पट निघालं. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदवल्या गेलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत्या. आणि १९ जुलै २०२४ ची सकाळ तर बहुतेकांना आठवत असेल. आपल्याकडे साडेनऊ वाजून गेले होते, तेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठवली. कर्नलमध्ये बसलेला त्यांचा ड्रायव्हर ती वाचायला गेला. त्याच्या हातात २० गोष्टी दिलेल्या होत्या आणि फाइलमुळे तो एकविसावी शोधायला लागला. सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर पडले आणि आपल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण पडलेले कॉम्प्युटर एकेक करून हाताने उठवावे लागले.

काकांचा प्रश्न त्या मानाने किरकोळ. पण आमच्याकडे येणारी बहुतेक कामं अशीच असतात. कन्व्हर्टर बनवणारी कंपनी लहान होती आणि ड्रायव्हर लिहिणारा मुलगा दुसऱ्या शहरात बसलेला. त्याची पहिली मेल दोन ओळींची होती: ग्राहकाकडे निळा पडदा येतो, आमच्याकडे येत नाही, तातडीचं आहे. मी उत्तरात नेहमीचे प्रश्न पाठवले. विंडोजचा नेमका बिल्ड नंबर कोणता, ड्रायव्हरची कोणती आवृत्ती, कधीपासून होतंय, त्याआधी काय बदललं, आणि डंप कुठे आहे. यातला ‘कधी’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमकं त्याचंच उत्तर कोणी नीट देत नाही. काकांनी मात्र ते न विचारता दिलं होतं.

डंप म्हणजे पंचनामा. कॉम्प्युटर थांबवण्याआधी विंडोज त्या क्षणाची मेमरी डिस्कवर उतरवून ठेवतं. छोटा डंप काहीशे केबीचा असतो, पूर्ण हवा असेल तर कॉम्प्युटरची सगळीच मेमरी. तो आम्ही डीबगर या चुका शोधायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. नुसता उघडला तर दिसतात सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेले मेमरीचे पत्ते, आणि पत्त्यांवरून काहीही कळत नाही. कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन, म्हणजे कोडचा कोणता तुकडा, आहे याची यादी ‘सिम्बॉल’ नावाच्या फाइलीत असते आणि ती ड्रायव्हर तयार होतानाच जन्मते. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या कोडची सिम्बॉल इंटरनेटवर खुली ठेवतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपली जपून ठेवायची असतात. या मुलाने त्याच आवृत्तीचा कोड पुन्हा बिल्ड केला होता, म्हणजे त्यातून ड्रायव्हर नव्याने तयार केला होता, आणि जुनी सिम्बॉल पुसली गेली होती. नव्या बिल्डची सिम्बॉल जुन्या डंपला चालत नाहीत, कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसलं तरी. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी कंपनीतल्या कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर ती सापडली.

तीन डंप होते आणि तिन्हींमध्ये आरोपी वेगळा. एकात नेटवर्कचा ड्रायव्हर, दुसऱ्यात ग्राफिक्सचा, तिसऱ्यात खुद्द विंडोजचा मेमरी वाटणारा भाग. कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. मुलगा खूश झाला. “मॅडम, म्हणजे आपला नाहीच.” मला मात्र तिथेच शंका आली. रोज नवा आरोपी निघतो तेव्हा बहुधा कुणीतरी मेमरी आधीच नासवून निघून गेलेलं असतं आणि नंतर तिथे पाय ठेवणारा फुकट पकडला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

संशयितांची काकांची यादी वेगळी होती. एक तर ऊन. नागपुरात एप्रिल-मेमध्ये काहीही बिघडलं की पहिला आळ उन्हावरच, आणि पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असताना त्यांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांनी टेबलफॅन स्वतःकडून वळवून सीपीयूकडे केला होता. दुसरी संशयित लाईट, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज. पण तीन-साडेतीनला, ऊन कडक असतानाही ट्रक मागून ट्रक मोजले जात होते आणि काही होत नव्हतं. बिघाड व्हायचा तो सुट्टीनंतरच. मग सुट्टीत कॉम्प्युटर काय करतो?

काहीच करत नाही. आणि नेमकं तेव्हाच कन्व्हर्टर झोपतो. वीज वाचवण्यासाठी बहुतेक यूएसबी उपकरणांना काही मिनिटं काम नसलं की झोपवायची सोय असते. ड्रायव्हरच्या चाचण्यांचे अहवाल मी मागवले होते. मशीन ७२ तास अखंड चालवून पाहिलेलं. कौतुकच आहे, पण त्या ७२ तासांत त्याला एकदाही डुलकी लागू दिलेली नव्हती. काका रोज तासभर जेवतात, ही चाचणी प्रयोगशाळेत कोणी लिहिली नव्हती.

पुढचं काम विंडोजमध्येच मिळणाऱ्या ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’चं. २००० सालच्या विंडोजपासून तो सोबत येतो आणि तरी पुष्कळ ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तो कधी चालू केलेला नसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. ड्रायव्हरने मेमरीची एखादी खोली रिकामी करून परत दिली की एरवी ती लगेच दुसऱ्या कुणाला दिली जाते. जुन्या भाडेकरूने तिथे चुकून सामान टाकलं तर नव्याचा संसार मोडतो आणि बोंब नव्याच्या घरातून उठते. व्हेरिफायर चालू असला की सोडलेल्या खोलीला तत्काळ कुलूप लागतं आणि ती कुणालाच दिली जात नाही. जुना भाडेकरू परत आला की दारातच सापडतो. मशीन मात्र हळू होतं आणि जास्त वेळा पडतं, कारण दडलेली प्रत्येक चूक उघड व्हायलाच हवी असते. गिऱ्हाईकाच्या चालू धंद्यात हे करायला कोणी तयार होत नाही. काका झाले. म्हणाले, “एकडाव पाडूनच टाका ना ताई.”

चौथ्या दिवशी दीड वाजून काही मिनिटं झाली होती. काका डबा उघडून बसले होते, काट्यावर कुणी नव्हतं, आणि पडदा निळा झाला. पहिला ट्रक अजून आलाही नव्हता. थांबण्याचं कारण म्हणून डी५ हा संकेतांक होता. त्याचा अर्थ, ड्रायव्हरने सोडून दिलेल्या मेमरीला हात लावला. नाव या वेळी बरोबर होतं, कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरचं, फंक्शनसकट.

झालं होतं असं. ड्रायव्हर ठरावीक वेळाने एक टायमर वाजवून लाईनची अवस्था तपासत होता. झोपायची वेळ आली की तो टायमर रद्द करायचा आणि लगेच मेमरी सोडायची, असा क्रम. वाचताना यात काही खोट दिसत नाही. पण गजर बंद केला तरी त्याआधीच तो ऐकून उठलेला माणूस स्वयंपाकघरात पोचलेला असू शकतो. प्रोसेसरला एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे एकापेक्षा जास्त कोर असतात. एका कोरवर टायमरचं काम आधीच सुरू झालेलं, त्याच वेळी दुसऱ्या कोरवर टायमर रद्द होतो, मेमरी सोडली जाते, आणि पहिला कोर त्या सोडलेल्या मेमरीत लिहून मोकळा होतो. ही फट काही मायक्रोसेकंदांची. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या, सीरियल लाईनवर एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तीसएक लाख ठोके पडतात. म्हणजे असा योग वर्षातून एखाद्या वेळी यायला हवा. इथे आठवड्यातून तीन-चारदा येत होता, कारण झोपायची मुदत टायमरच्या अंतराच्या बरोबर पटीत ठेवलेली होती. दोन्ही घड्याळं एकाच ठोक्याला वाजायची. गोल आकड्यांचा हा मोह मला बऱ्याच ड्रायव्हरांत दिसतो.

सुधारणा एका ओळीची. टायमर रद्द केल्यावर, आधीच रांगेत लागलेलं काम संपेपर्यंत थांबायचं आणि मगच मेमरी सोडायची. ती लिहायला मुलाला पाच मिनिटं लागली असतील. ग्राहकापर्यंत पोचायला मात्र बरेच दिवस, कारण २०१६ मधल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून कर्नलमधल्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून डिजिटल सही घ्यावी लागते. आमचा पुष्कळसा वेळ या सहीच्या, सर्टिफिकेटांच्या कागदी कामातच जातो.

अशा चुका माणसाने पकडण्याऐवजी यंत्रानेच पकडाव्यात, ही कल्पना जुनी आहे. थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये स्लॅम नावाच्या प्रकल्पातून एक पद्धत विकसित केली. ड्रायव्हर न चालवताच त्याचा कोड गणिताने तपासायचा, म्हणजे लावलेलं कुलूप प्रत्येक वाटेने उघडलं जातं का वगैरे. तिच्यातून स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर निघालं. राजमणी पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात आले. लिनक्सवाल्यांनी निराळीच वाट धरली. २००७ मध्ये लिनक्सचं कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना सांगून टाकलं की उपकरणाची माहिती द्या किंवा शंकांना उत्तर देणारा एक इंजिनिअर द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. तिथे ड्रायव्हर कर्नलच्या कोडमध्येच राहतो, त्यामुळे कर्नलमधलं काही बदलणारा माणूसच ड्रायव्हरही दुरुस्त करतो. माझ्या पोटावर पाय आणणारी कल्पना आहे, पण खोटं कशाला बोलू, मला ती जास्त पटते.

नवा ड्रायव्हर टाकायला मी मे महिन्यात पुन्हा काट्यावर गेले. काका जेवून आले, ट्रक चढला, पावती आली. टेबलफॅन अजून सीपीयूकडेच तोंड करून होता आणि काका रुमालाने घाम पुसत होते. आता तो तुमच्याकडे वळवा, असं मी म्हटलं.

“राहू द्या ताई. त्यालेबी गरम होत असन.”