माकुळाच्या एका तंतूतून उलगडलेला चेतासंदेश

चेतातंतूतून जाणारा संदेश विजेचा असतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. तो तारेतल्या विजेसारखा मात्र पळत नाही. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या चेतातंतूला दोन वेगवेगळ्या ठिकाणी विजेचा झटका दिला आणि स्नायू आकसायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला जेमतेम 25 ते 40 मीटर. वाटेत काहीतरी घडत होते, आणि त्याला वेळ लागत होता.

ते 'काहीतरी' म्हणजे काय, याचे उत्तर बर्नस्टाइनने 1902 मध्ये सुचवले. विश्रांतीच्या वेळी पेशीपटल, म्हणजे पेशीचे पातळ आवरण, फक्त पोटॅशियमला वाट देते, म्हणून आतली बाजू ऋण राहते. संदेश येताच पटल सगळ्याच आयनांना (विद्युतभारित कणांना) खुले होते आणि व्होल्टेज शून्यावर येते, असे त्याचे म्हणणे होते. हे पडताळायचे तर इलेक्ट्रोड तंतूच्या आत घालावा लागणार, आणि आपले तंतू जाडीला फार तर 20 मायक्रॉन.

ती अडचण सुटली माकूळ (स्क्विड) या समुद्री प्राण्यामुळे. धोका दिसताच माकूळ अंगातले पाणी एका झटक्यात बाहेर फेकून निसटते. त्यासाठी सगळा स्नायू एकाच वेळी आकसावा लागतो, म्हणून त्याच्याकडे अर्धा मिलिमीटर जाडीचे महातंतू असतात. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले.

1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथला हॉजकिन आणि हक्सले यांनी असा तंतू उभा टांगला आणि त्यात वरून लांबीच्या दिशेने दशांश मिलिमीटर जाडीची काचेची नळी सरकवली. नळी कडेला घासली की पटल जखमी होऊन तंतू निकामी होतो. म्हणून आरशातून दुसरी बाजूही बघत ती मधोमध ठेवावी लागे. आत सुमारे उणे 45 मिलिव्होल्ट भरले. संदेश आला तेव्हा आकडा शून्यावर थांबला नाही, तो अधिक 40 पर्यंत चढला. बर्नस्टाइनचे गणित इथे मोडले. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि काम कित्येक वर्षे रखडले.

माकुळाच्या तंतूबाहेर सोडियम आतल्यापेक्षा जवळजवळ नऊपट असते. हॉजकिन आणि काट्झ यांनी बाहेरचे सोडियम कमी केले, तसा तो चढाव खाली आला. म्हणजे आत शिरणारे सोडियमच होते.

खरी गोची पुढे होती. व्होल्टेज बदलले की पटलाची पारगम्यता (आयनांना आरपार जाऊ देण्याची क्षमता) बदलते, आणि पारगम्यता बदलली की पुन्हा व्होल्टेज. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सुटे करता येईना. यावर उपाय ठरला व्होल्टेज क्लॅम्प: एक तार व्होल्टेज मोजते, दुसरी ते जागेवर धरण्यापुरता प्रवाह सोडते, आणि तो प्रवाह हेच मोजमाप. दोन्ही कामे एकाच तारेवर सोपवली तर प्रवाहामुळे तारेचाच पृष्ठभाग ध्रुवित होतो आणि वाचन फसते. तारा दोन असण्याचे कारण हेच. सोडियमऐवजी या वाटेने आत न शिरणारे कोलीन वापरून केलेल्या नोंदींतून दोन प्रवाह वेगळे झाले. सोडियम आधी आत येते आणि मिलिसेकंदभरात त्याची वाट आपोआप बंद होते. पोटॅशियम सावकाश बाहेर जाते.

1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सले यांनी याची समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलेने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. हिशोबातून वेग आला सेकंदाला 18.8 मीटर, प्रत्यक्ष मोजलेला होता 21.2. प्रवाहाची मोजमापे घ्यायची आणि त्यावरून संदेशाच्या वेगाच्या इतक्या जवळ पोचायचे, ही विलक्षण कामगिरी आहे.

तंतूच्या टोकाला मात्र वीज थांबते. लोवीने 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाची चेता उद्दीपित केली आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंदावले. संदेश रसायनाने पुढे गेला होता. 1950 च्या दशकात काट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे रसायन ठरावीक आकाराच्या पुड्यांतून सुटते, आणि एक पुडी स्नायूत साधारण अर्धा मिलिव्होल्ट बदल घडवते.

हॉजकिन-हक्सलेच्या समीकरणांत उघडझाप करणारी दारे गृहीत होती, पण ती कोणी पाहिली नव्हती. 1976 मध्ये नेहर आणि साकमान यांनी काचेच्या बारीक नळीचे टोक बेडकाच्या स्नायूवर टेकवले. पडद्यावरची रेघ काही पिकोअँपिअरने एकदम खाली उतरली, क्षणभर सपाट राहिली आणि तशीच एकदम वर गेली. एक चॅनेल, म्हणजे पटलातले असे एक दार, उघडून बंद झाले होते.