तणनाशकाची इजा आणि अवशेष (सोलापूर जिल्हा)

तणासाठी मारलेले औषध पिकाला लागून होणारी इजा ही एक गोष्ट आणि त्या औषधाचा जमिनीत वा मालात उरणारा अंश ही दुसरी. बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. वेल चुरडलेली असूनही घडात अंश सापडत नाही, असे होऊ शकते; उलट टवटवीत दिसणारा माल तपासणीत अडकतो.

सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावरचा ऊस, रब्बी ज्वारी, द्राक्ष आणि डाळिंब बांधाला बांध लावून उभे असतात. ऊस-ज्वारीतील रुंद पानांच्या तणांवर २,४-डी मारतात. हे रसायन वनस्पतीच्या वाढ-संप्रेरकासारखे वागते. गवतवर्गीय पिके त्याला बऱ्यापैकी पचवतात. द्राक्ष, कापूस व टोमॅटो मात्र फार नाजूक. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला कोवळी फूट येते, त्याच सुमारास शेजारी रब्बी ज्वारी आणि पूर्वहंगामी ऊस तणनाशकाच्या वयात असतात. अडचण नेमकी इथे आहे.

इजा झालेले द्राक्षाचे नवे पान पंख्यासारखे अरुंद होते, शिरा जवळजवळ समांतर धावतात, कडांचे दाते टोकदार होतात. जुनी पाने मात्र जशीच्या तशी. हे पाहून विषाणू किंवा अन्नद्रव्यांची कमतरता समजून आणखी दोन फवारण्या करणारे कमी नाहीत. त्याआधी बागेत चालत जावे: वाऱ्याने आलेला फवारा असेल तर बांधालगतच्या ओळी जास्त बिघडतात आणि आत जावे तसा त्रास कमी होतो. विषाणूची झाडे सहसा अशी उतरंड दाखवत नाहीत. सगळ्या बागेत सारखीच लक्षणे असतील तर संशय आपल्याच पंपावर घ्यावा. टाकी, नळी व नोझलमध्ये राहिलेला थोडा अंशही पुरतो. नुसते पाणी फिरवून तो जात नाही, धुण्याचा सोडा लागतो. खरे तर तणनाशकाचा पंप वेगळाच हवा. २,४-डीचे एस्टर रूप उष्ण हवेत वाफ होऊन फवारणीनंतरही पसरते, सोडियम व अमाइन क्षार त्या मानाने कमी.

ग्लायफोसेट हे तणनाशक डाळिंबाच्या कोवळ्या पानांवर वा बुडाच्या फुटव्यांवर पडले तर आत भिनते आणि पुढची फूट बारीक, सुतासारखी येते. पॅराक्वाट हे दुसरे तणनाशक पडेल तिथेच जाळते.

जमिनीतील अवशेषांत ॲट्राझिन हे तणनाशक महत्त्वाचे. मका, ऊस, ज्वारीला ते चालते. त्याचे विघटन मुख्यतः ओलाव्यात, सूक्ष्मजीवांकडून होते. आम्ल जमिनीत ते रासायनिक रीतीनेही लवकर मोडते. सोलापूरची काळी जमीन अल्कधर्मी आणि पाऊस बेताचा, त्यामुळे ते इथे रेंगाळते व मागून घेतलेल्या कांदा-हरभऱ्याची पाने कडेने पिवळी पडून वाळतात. शंका असल्यास त्या रानातील माती कुंडीत भरून काकडी किंवा मोहरी पेरावी, शेजारी तणनाशक न मारलेल्या मातीची कुंडी ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने काढणीपूर्वी तपासले जातात. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. भरपाईचा वाद असेल तर पाने आठवडाभरात गोळा करून थंड ठेवावीत. २,४-डी लवकर मोडते. महिन्याने घेतलेल्या नमुन्यात काही न सापडणे म्हणजे फवारा उडालाच नव्हता, असे नव्हे.